वडप्याची नऊ नावांची यादी

प्रिय अमृता आणि निखिल,

निखिल, तुझं पत्र सोमवारी आलं. बेसबॉलच्या संघात तुला फलंदाजीला नववा नंबर दिला म्हणून तू संघच सोडलास, असं तू लिहिलं आहेस. खाली तुझ्या आईनं बारीक अक्षरात लिहिलंय, ‘आई, तुम्हीच काहीतरी समजावा.’ समजावण्याचं काम मी शाळेत तेहतीस वर्षं केलं, त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याऐवजी पाच वर्षांपूर्वी, म्हणजे चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत, मी भिवंडीला चार दिवस गेले होते त्याची हकीकत लिहिते. तेव्हाची माझी वही समोर उघडून ठेवली आहे, त्यामुळे यात बनवाबनवी नाही. अडेल तिथे आईला वाचून दाखवायला सांगा.

मी भिवंडीला का गेले, ते आधी सांगते. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा श्रीधर तिथल्या एका शाळेत कवायतीचा मास्तर आहे. कुठल्याशा शिबिरातून तो दोन बॅटी, चार हातमोजे आणि हा खेळ घेऊन आला. शाळेतल्या मुलांना तो आवडला नाही. भिवंडीतल्या नारपोलीच्या लूम, म्हणजे यंत्रमाग, कामगारांना आवडला, आणि त्यांना आवडला म्हणून शेजारच्या वडप्याच्या गावकऱ्यांना आवडलाच पाहिजे असं झालं. नियमांचं इंग्रजी पुस्तक तुमच्या बाबांनी अमेरिकेहून माझ्याकडे नाशिकला पाठवलं होतं. मी त्याचं मराठी भाषांतर चाळीस पानी वहीत करून श्रीधरला दिलं. महिन्याभरानं त्याचं पत्र आलं: ‘मावशी, दोन्ही संघ म्हणतात, ज्यांनी नियम लिहिले त्यांनाच पंच म्हणून आणा.’ मी नियम लिहिले नव्हते, फक्त भाषांतर केलं होतं. पण भिवंडीत हा फरक कुणाला पटला नाही.

पहिला दिवस: नारपोली

कसारा घाट, शहापूर, पडघा असा एसटीचा प्रवास मी वगळते. नारपोलीच्या गल्लीत शिरले तेव्हा माझं अंजिरी लुगडं होतं. दहा मिनिटांत ते पांढरं दिसू लागलं. हवेत कापसाची धूळ तरंगते आणि मिळेल त्यावर बसते. आवाज असा की श्रीधर कानाशी ओरडत होता आणि मला त्याचे फक्त ओठ दिसत होते.

इथले लोक मात्र त्या खडखडाटात आरामात गप्पा मारतात, आवाज न करता. एक जण पंचवीस हातांवरून भुवई उडवतो, दुसरा दोन बोटं खांद्याला लावतो आणि दोघं हसतात. तुमच्याकडे खेळाडू एकमेकांना गुप्त खुणा करतात असं पुस्तकात होतं. इथे कुणाला त्या शिकवाव्या लागल्या नाहीत.

संघाचे कप्तान इक्बालभाई. ते जॉबर, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारे. त्यांनी मला मलईचा चहा दिला, बरोबर कडक पाव. आपल्याकडे पाहुण्याला आधी पाणी विचारतात, इथे आधी पंखा लावतात, धूळ उडावी म्हणून. मग त्यांनी माझी वही पुढे ओढली.

“बाई, ये फलंदाजीच्या क्रमाचं पान एकदा परत वाचा.”

मी वाचलं. सुरुवातीला तळ गाठणारे भरवशाचे खेळाडू ठेवावेत (तळ म्हणजे तुमचे बेस, चारही पळून आलं की एक धाव). सर्वांत जोरात मारणारा चौथा ठेवावा, म्हणजे आधीचे तळावर असताना तो सगळ्यांना घरी आणील.

“समझा,” ते म्हणाले. “पहिले तीन ताणा भरणार. चौथा धोटा मारणार. ताणाच नाही तर धोटा काय हवेत मारायचा?”

ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे, धोटा म्हणजे त्यांतून आडवा धागा नेणारी लाकडी होडी. चाळीस पानांत मला जे जमलं नाही ते या माणसानं तीन वाक्यांत केलं. त्यांची यादीही तयार होती. फक्त तिच्यात एकही नाव नव्हतं.

“चौदा, बावीस, सात, एकतीस,” मी वाचलं. “हे काय?”

“लूम नंबर. नाव तो बदलता है बाई, कोणी गावाला जातो, त्याचा जोडीदार येतो. लूम कुठे जात नाही.”

निघताना त्यांनी आणखी एक पान वाचायला लावलं: यादीतला क्रम मोडला तर काय? मी वाचलं. त्यांनी परत वाचायला लावलं. मग त्या ओळीवर हात ठेवून त्यांनी समोरच्या माणसाला एक बोट वर करून खूण केली. ती मला त्या दिवशी कळली नाही.

दुसरा दिवस: वडपे

वडपे आग्रा रोडवर आहे. भात कापून झालेलं होतं. शेतांत नुसती धसकटं, आणि मधूनमधून पेंढ्याच्या घराएवढ्या उडव्या रचलेल्या. आम्ही तात्यांकडे उतरलो. तात्या म्हणजे थोरल्या घराचे कर्ते, वय सहासष्ट, दोन्ही गुडघे धरलेले. जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं. आपल्या नाशकाकडे बाजरीची भाकरी हातात घेतली की हाताला कळतं. ही इतकी मऊ की ताटातून उचलताना मला तिची काळजी वाटली. मी मासे खात नाही हे कळल्यावर काकूंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीनं, माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला डॉक्टरकडे न्यावं की काय.

जेवणानंतर देवळात बैठक भरली. वडप्याची फलंदाजीची यादी ठरायची होती. इथे मला खरा प्रकार कळला.

वडप्याच्या देवीची पालखी दर चैत्रात निघते. तिचा पुढचा उजवा खांदा हा पहिला मान. तो थोरल्या घराचा, असं तात्या म्हणत. धाकट्या घराचा दादू, तात्यांचा चुलत पुतण्या, वयानं तिशीचा आणि अंगानं दाराएवढा, म्हणे की मान आळीपाळीनं असतो आणि पाळी आमची. दोघांपैकी कुणी हटेना. त्यामुळे पालखी दोन वर्षं देवळातून हललीच नव्हती. मी आत डोकावले तर पालखीत कबुतरानं घरटं केलं होतं.

शेवटी गावच्या म्हाताऱ्यांनी तोड काढली. देवीसमोर नारळावर हात ठेवून शब्द दिला गेला: या सामन्यात वडप्याचा जो पहिला घरी येईल, त्याच्या घराला पालखीचा पहिला खांदा. घरी येणं म्हणजे काय ते गावाला बरोबर ठाऊक होतं. माझ्याच भाषांतरात शेवटच्या तळाला ‘घर’ म्हटलं होतं.

तेव्हा यादीत पहिलं नाव कुणाचं, यावर सगळं अडलं होतं.

मी शिक्षिका. मला वाटलं, ज्ञानानं भांडण मिटेल. मी उभी राहून सांगितलं की अमेरिकेत पहिल्या नंबराला काही मोठा मान नसतो, सगळ्यांत मोठा खेळाडू चौथा असतो.



“चवथा?” तात्या म्हणाले. “बाय, पालखीचा चवथा खांदा मंजी मागला डावा. तिथं आमी जावयाला उभा करताव.”

“पण खेळात चौथाच मोठा,” मी ठामपणे म्हटलं.

“मंग मना चवथा लिवा,” दादू म्हणाला.

“तू चवथा? मी जित्ता असताना?” तात्या म्हणाले. “चवथा मी.”

त्यांच्यानंतर आणखी पाच जण चौथे झाले. पहिल्या तीन जागांवर जायला कुणी तयार होईना. एका म्हाताऱ्यानं सुचवलं, “पयली तीन नावं नारपोलीवाल्यांची घाला. पावनं हायती.” यावर गंभीरपणे विचार झाला. श्रीधर खांबाला टेकून डोळे मिटून उभा होता.

दिवेलागणीपर्यंत मी माझं विधान मागे घेतलं. हे मी आयुष्यात दोनदाच केलं आहे. मग पालखीच्या मानाप्रमाणेच यादी झाली, आणि ती माझ्या वळणदार अक्षरात लिहायचा मान मला मिळाला. एक, तात्या. दोन, दादू. पुढे घराण्यांच्या जुनेपणानुसार म्हातारे आणि त्यांचे मुलगे. नववा, पिठाची गिरणी चालवणारा बबन गिरणीवाला. बबनचा आजा मुरबाडहून आला होता, म्हणजे या गावात त्यांचं घर अजून नवंच.

“मना शेवट लिवलाव, बरा झाला,” बबन म्हणाला. “तवर गिरन चालू ठेवता येल.”

तिसरा दिवस: सामना

सामना वडप्याच्याच माळावर होता. पंचाला बसायला गावानं लग्नातली खुर्ची आणली होती, लाल मखमलीची, दोघांची. मी एका बाजूला बसले, दुसऱ्या बाजूला नियमांची वही ठेवली. डोक्यावर झालरीची छत्री. पंचानं फेकणाऱ्याच्या समोर उभं राहावं असं पुस्तकात आहे, पण ती खुर्ची हलवायला सहा माणसं लागत, म्हणून चेंडू बघायच्या कामावर श्रीधर उभा राहिला आणि निर्णय मी देई.

प्रत्येकी तीन डाव ठरले. आधी नारपोली. इक्बालभाई ओरडायचे, “सात नंबर!” आणि सात नंबर यायचा. ताणा भरला जायचा, मग एकतीस नंबर धोटा मारायचा. गोंगाट न करता, भुवयांवर, त्यांनी पहिल्याच डावात पाच धावा केल्या. वडप्याच्या म्हाताऱ्यांना वाकून चेंडू उचलायला वेळ लागत होता, आणि उचलल्यावर तो कुणाकडे फेकायचा यातही मानपान होता.

मग वडप्याची पाळी. पहिले तात्या. त्यांनी नारळ फोडला, जमिनीला हात लावला, धोतराचा काष्टा सोडून पुन्हा घातला. हे सगळं सावकाश चाललं होतं. तेवढ्यात दादूनं बॅट उचलली आणि जाऊन उभा राहिला.

मी पाहिलं. तात्यांनीही पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोला, असं ते डोळे म्हणत होते. पण वहीच्या तेविसाव्या पानावर मी स्वतः लिहिलं होतं: क्रम मोडला तरी पंचानं आपण होऊन बोलू नये, समोरच्या संघानं हरकत घ्यावी. मी गप्प बसले. लाल मखमलीवर बसून एवढं अवघड मी कधी काही केलेलं नाही.

दादूनं पहिलाच चेंडू असा हाणला की तो रस्त्यापलीकडे गेला. दादू सगळे तळ पळून घरी आला. धाकट्या घराचा ढोल वाजायला लागला. बायकांनी त्याला ओवाळायला ताट काढलं.

तेव्हा इक्बालभाई शांतपणे चालत माझ्यापाशी आले. एक बोट वर केलं. “बाई. यादी.”

मी यादी वाचली. मग निर्णय सांगितला, जसा पुस्तकात आहे तसा. दादूची धाव रद्द. आणि तात्या बाद.

ढोल थांबला.

“कोन बाद?” तात्या म्हणाले.

“तुम्ही.”

“मी तर जागचा हाललो पन न्हाय!”

“म्हणूनच. पाळी तुमची होती आणि तुम्ही खेळला नाहीत.”

“चोरी त्यानं केली न् फाशी मना?” तात्यांचा आवाज चिरकला. “आता खेळनार कोन?”

मी वही पुन्हा पाहिली. काही मार्ग निघतो का म्हणून पान उलटून पुढचंही पाहिलं. निघत नव्हता. “बाद झालेल्यानंतर यादीत जो असेल तो. म्हणजे दादू.”

यावर जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. थोरलं घर आणि धाकटं घर दोन वर्षांत पहिल्यांदा एका बाजूला उभी राहिली, माझ्याविरुद्ध. “कसला कायदा!” दादू स्वतःच ओरडला. “गुन्हा मी केलाय, मना बाद करा!” काकू पदर खोचून पुढे आल्या. “वालाचं बिरडं खाल्लंव ना आमचं?” मी म्हटलं, खाल्लं, फार छान होतं, पण तात्या बाद.

इक्बालभाई तेवढे माझ्या बाजूला होते. “कानून है,” ते म्हणाले. “लूम में भी ऐसाच. धागा तुटला कुणाचा हे लूम विचारत नाही, लूम बंद.”

दादू पुन्हा उभा राहिला आणि रागानं तीनदा हवेत फिरवून बाद झाला. तिसराही बाद, आणि तीन बाद झाले की डाव संपतो. दुसऱ्या डावात चौथा, पाचवा, सहावा, तिघेही बाद. तिसऱ्या डावात सातवा आणि आठवा बाद. नारपोली अकरा, वडपे शून्य. आणि उरला नववा.

बबन गिरणीवरून पळत आला. भुवयांपर्यंत पीठ. त्याला बॅट कशी धरायची ते माहीत नव्हतं, म्हणून त्यानं ती खांद्यावर ठेवली आणि नुसता उभा राहिला. फेकणाऱ्याला ते पिठाचं भूत समोर पाहून हसू आवरेना. चार चेंडू बाजूनं गेले. चार चेंडू चुकले की फलंदाज चालत पहिल्या तळावर जातो. बबन गेला.

आता पुन्हा तात्या. या वेळी दादूला त्याच्याच घरच्या दोघांनी दंडाला धरून ठेवलं होतं. फेकणारा इक्बालभाईंकडे पाहून केविलवाणा झाला. “चाचा, सफेद बाल हैं. कैसे मारूँ?” त्यानंही चार चेंडू लांबून, अदबीनं टाकले.

“आता काय?” तात्यांनी विचारलं.

“चालत पहिल्या तळावर जा.”

“चालत ना? मंग बरोबर हाय.” आणि छाती काढून, पालखीपुढे चालावं तसे, ते गेले.

मग दादू. त्याचा फटका सरळ उंच गेला आणि पेंढ्याच्या उडवीत घुसला. नारपोलीचे चौघे उडवीवर चढले आणि गवत उपसू लागले. वरून ते खाली खुणा करत होते: नाही, इथे नाही, इथे सुई आहे, चेंडू नाही. बबन केव्हाच पळत घरी पोचला होता. पिठाच्या पावलांचा माग सगळ्या मैदानाभर दिसत होता. तो परत गिरणीकडेही निघाला. दळण टाकून आला होता.

दादू वाऱ्यासारखा सुटला आणि दुसऱ्या तळाआधी तात्यांच्या पाठीशी येऊन थडकला.

“पुढे जाऊ नको!” श्रीधर ओरडला. “पुढच्या धावणाऱ्याला ओलांडलंस तर तू बाद!”

दादू तात्यांच्या मागे जागच्या जागी पळू लागला. तात्या चालत होते. एक गुडघा, मग दुसरा.

“तात्या, उचला पाय!”

“उचलताव ना. एका वक्ताला एकच उचलाचा आसतो.”

“चेंडू गावला त दोघंबी मरू!”

“मना नको शिकवू. तुज्या बापाला मी चालाय शिकवलाय.”

तिसऱ्या तळावर तात्या थांबले, कमरेवर हात ठेवून. त्याच वेळी उडवीवरून एक हात वर झाला. चेंडू सापडला होता. दादूनं काही विचार केला नाही. त्यानं मागून तात्यांच्या दोन्ही बगलांत हात घातले आणि हातगाडी ढकलावी तसं ढकलत निघाला. मैदानातला एकही माणूस बसलेला नव्हता. मीसुद्धा. दोघं धुळीत लोळत घरावर येऊन पडले, तात्या पुढे, दादू मागे, आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून गेला.

पुढचा फलंदाज लगेच बाद झाला. वडपे अकरा विरुद्ध तीन असं हरलं होतं, पण हे वडप्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन्ही घरांचे ढोल वाजू लागले. इक्बालभाईंनी मला हळूच विचारलं, “बाई, जिंकलो ना आपणच?” जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून कापडाचा तागा होता. तो नारपोलीच्या चौदा नंबर लूमवर विणलेला होता. त्यांनी आपलाच तागा खांद्यावर घेतला आणि गोंधळून उभे राहिले.

ढोल थांबले, कारण भांडण सुरू झालं. थोरलं घर म्हणे, तात्यांचा पाय आधी लागला. धाकटं घर म्हणे, ढकलला कुणी? सगळे लाल खुर्चीकडे आले. “बाय, नारलाची शपथ हाय. पयला घरी कोन आला? कागद बगून सांगा.”

मी कागद पाहिला. धावा मी क्रमानं लिहिल्या होत्या. मी चष्मा पुसला आणि वाचलं, “वडप्याची पहिली धाव. पहिला घरी आलेला खेळाडू, बबन.”

 दूर गिरणी पुक्पुक् करत होती.

तात्या धुळीतच बसून होते.  “मंजी दादू पयला न्हाय?”

“नाही.”

“मंग मना काय बोलाचा न्हाय.”

दादूनं माझ्याकडे पाहिलं. “पन तात्या बी पयलं न्हाईत ना?”

“नाहीत.”

“मंग मना बी चाललं.”

बबनला बोलावणं गेलं. त्यानं निरोप पाठवला, दळण संपवून येतो.

चौथा दिवस: वज्रेश्वरी

परतण्याआधी सगळे मला वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेले, तात्यांच्या गुडघ्यांसाठी. बायकांचं कुंड वेगळं, मध्ये भिंत. पाणी इतकं कढत की मी पाय बुडवून इंग्रजीत ओरडले. काकूंना त्याचा फार आनंद झाला. बिरड्याची फिट्टंफाट झाली म्हणाल्या.

भिंतीपलीकडून आवाज आले.

“दादू, उतर.”

“तुमी मोठे, तुमी उतरा.”

“मना काय भाजून मारतोस? तूच उतर.”

 मग दोघांचाही आवाज एकदम आला. “बबन्या! तू उतर आदी!”

पाण्यात कुणीतरी पडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ किंकाळी.

त्या चैत्रात पालखी निघाली. कबुतराची पिल्लं उडून जाईपर्यंत गाव थांबलं, म्हणून चार दिवस उशिरा. श्रीधर कळवत असतो. ज्या माळावर सामना झाला तिथे आता ट्रक उभे राहतात. बॅटी मोडल्या. इक्बालभाई दुसऱ्या कारखान्यात गेले. माझी यादी वडप्याच्या देवळात काच लावून टांगलेली आहे. पालखीचा पुढचा उजवा खांदा अजून बबनच्या घराकडे आहे.

तुमची,
आजी